हौशी वैमानिक आणि नोंदींची शिस्त

पाटणहून कोयनेच्या काठाने कराडकडे येताना शहराच्या अलीकडे विजयनगरची धावपट्टी लागते. कोयना प्रकल्पासाठी १९५५ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याने ती बांधली. अशा आखूड धावपट्ट्या लहान विमानांच्याच उपयोगाच्या. असे विमान हौसेने चालविणारा वैमानिक आप्तेष्टांना सोबत नेऊ शकतो. अमेरिकेत तर अनेक हौशी वैमानिक गरजू रुग्णांना उपचारांच्या गावी विनामूल्य पोहोचवितात. प्रवास फुकट असला, तरी त्यातील जोखीम मात्र फुकटात टळत नाही. ती आटोक्यात ठेवण्याचे एक साधन म्हणजे नोंदवही.

भारतात खासगी वैमानिक परवान्यासाठी किमान वय १७ वर्षे असून ४० तासांच्या उड्डाणाचा अनुभव व वैद्यकीय पात्रता आवश्यक असते. या परवान्यावर प्रवासी नेता येतात; मोबदला घेता येत नाही. १९३७ च्या विमान नियमांनी वैमानिकाला वैयक्तिक लॉगबुक बंधनकारक केले. त्यातील नोंदी शाईने करावयाच्या आणि अखेरच्या नोंदीनंतर किमान पाच वर्षे ही वही जपून ठेवावयाची, असा दंडक त्यात आहे.

विमानाचीही स्वतंत्र कागदपत्रे असतात. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी १९४४ च्या शिकागो कराराचे कलम २९ त्यांची यादीच देते: नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, वैमानिकांचे परवाने, प्रवासवही, रेडिओ परवाना आणि प्रवाशांच्या नावांची यादी. अपघात झाल्यास विमानात नेमके कोण होते, हे या यादीवरून कळते. याखेरीज वजनाचा हिशेबही महत्त्वाचा. चार आसनांच्या अनेक विमानांत टाकी पूर्ण भरून चार प्रौढ बसविल्यास वजनाची मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

नोंद खोटी असेल, तर ही सारी व्यवस्था पोकळ ठरते. न केलेल्या उड्डाणांचे तास व बनावट गुणपत्रिका दाखवून परवाने मिळविल्याची प्रकरणे २०११ मध्ये देशात उघडकीस आली, तेव्हा याची प्रचीती आली. वहीतला प्रत्येक तास प्रत्यक्ष आकाशात घालविलेला असावा, एवढ्याच विश्वासावर प्रवासी विमानात बसतो. म्हणूनच वैमानिक कितीही जवळचा असो, त्याचा परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत आणि अलीकडचा सराव यांविषयी विचारण्यात संकोच बाळगू नये. जबाबदार वैमानिकाला त्या प्रश्नाचा राग येत नाही.