ल्यूबेकचीं सायंसंगीतें

उत्तर जर्मनींतील ल्यूबेक हें बाल्टिक समुद्रावरील व्यापारानें वैभवास चढलेलें शहर. तेथील व्यापाऱ्यांनीं, बिशपच्या कॅथीड्रललाही मागें टाकील असें, सेंट मेरीचें विटांचें चर्च उभारलें. त्याच्या मध्यदालनाचें कमानदार छत ३८ मीटरांहून उंच आहे.

अशा चर्चमधील ऑर्गन हा मराठी रंगभूमीवरील ऑर्गनाहून अगदीं निराळा. रंगभूमीवरच्या वाद्यांत धातूच्या पट्ट्या कंप पावतात. येथें मोठमोठ्या भात्यांतील वारा हजारों नळ्यांतून वाहतो आणि सारी वास्तुच जणूं नादमय होते.

१६४६ च्या सुमारास येथील ऑर्गनवादक फ्रान्झ टुंडर यानें उपासनेव्यतिरिक्त संगीत ऐकविण्यास आरंभ केला. १६६८ मध्यें त्याच्या जागीं डीट्रिख बुक्स्टेहुड आला व त्यानें टुंडरच्या कन्येशीं विवाह केला. वादनाबरोबरच चर्चचे हिशेब ठेवण्याचें कामही त्याच्याकडे होतें. त्यानें सायंसंगीताचा विस्तार केला. नाताळापूर्वीच्या पांच रविवारीं, सायंकाळीं चारच्या सुमारास, सुमारें ४० गायक-वादक सज्जांत उभे राहूं लागले. या कार्यक्रमांना प्रवेश विनामूल्य असे. खर्च व्यापाऱ्यांच्या वर्गणींतून चाले, व ती मिळविण्यासाठीं या थोर कलावंतास त्यांची वारंवार मनधरणी करावी लागे. संगीत त्या काळीं बहुधा राजवाड्यांत वा उपासनेंतच ऐकावयास मिळे. येथें तें सर्व नागरिकांना खुलें झालें, हें या उपक्रमाचें खरें महत्त्व होय.

१७०५ मध्यें २० वर्षांचा योहान सेबास्टियन बाख चार आठवड्यांची रजा घेऊन आर्नश्टाटहून निघाला. सुमारें ४०० किलोमीटरांची ही वाट तो पायीं चालून गेला असें सांगतात. तो परतला तो चार महिन्यांनीं! वरिष्ठांनीं त्याची कानउघाडणी केली. परंतु तेथें मिळविलेली विद्या त्यास जन्मभर पुरली.

१७०७ मध्यें बुक्स्टेहुड निवर्तला. सायंसंगीतें पुढें १८१० पर्यंत चाललीं. परंतु त्यासाठीं त्यानें रचलेल्या मोठ्या कृतींच्या स्वरलिपी जवळजवळ सर्व नाहींशा झाल्या. १७०५ सालच्या दोन भव्य कृतींचे केवळ छापील शब्द उरले. पुढें १९४२ च्या मार्चमध्यें, २८ तारखेच्या रात्रीं, ब्रिटिश विमानांनीं बाँबवर्षाव केला. चर्च पेटलें, बुक्स्टेहुडनें वाजविलेला लहान ऑर्गनही जळाला. मनोऱ्यांतून कोसळलेल्या घंटांचे तुकडे आजही स्मारक म्हणून जेथल्या तेथें ठेविले आहेत.

मग त्याचें कंठसंगीत आज ऐकूं येतें तें कसें? स्टॉकहोमच्या राजदरबारांतील संगीतप्रमुख गुस्टाव ड्यूबेन हा बुक्स्टेहुडचा स्नेही. त्यानें मित्राच्या रचना हौसेनें मिळविल्या व उतरवून घेतल्या. त्याच्या पुत्रानें १७३२ मध्यें तो संग्रह उप्साला विद्यापीठास दिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संशोधकांचें लक्ष त्याकडे गेलें, आणि बुक्स्टेहुडचें बहुतेक उपलब्ध कंठसंगीत त्यांतूनच जगापुढें आलें.

युद्धानंतर चर्च पुन्हां उभें राहिलें, नवे ऑर्गन बसले, आणि तेथें पुन्हां मैफली होऊं लागल्या. धनिकांच्या वर्गणीनें तें संगीत एकेकाळीं ऐकविलें गेलें खरें. पण आजवर तें टिकलें तें एका मित्रानें जपलेल्या कागदांवर.