जीएम भात, फवारणी आणि तुडतुडे: प्रश्न कसा बदलत गेला

"जनुकीय बदल केलेल्या भातावर कीटकनाशक मारलं तर किडीवर काय परिणाम होतो?" प्रश्न सरळ वाटतो. पण त्याच्या मागचा इतिहास पाहिला की पहिला उलटप्रश्न येतो: कोणत्या किडीवर?

सुरुवात जीएमच्या आधीपासून करू. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचं आयआर-८ हे वाण १९६६ साली आलं. उत्पादन वाढलं, तशा फवारण्याही वाढल्या. १९७० च्या दशकात तपकिरी तुडतुडे, एरवी किरकोळ समजली जाणारी कीड, आशियात अनेक ठिकाणी उफाळली. शेतं करपल्यासारखी दिसू लागली. त्या वेळी पीएचडी करत असलेल्या पीटर केनमोर यांनी फिलिपाइन्समध्ये फवारलेली आणि न फवारलेली शेतं ताडून पाहिली. तुडतुडे फवारलेल्या शेतातच जास्त! कारण औषधाने कोळी आणि तुडतुड्यांची अंडी खाणारे मिरिड ढेकूण मरत होते. तुडतुड्यांची अंडी मात्र धाटाच्या आवरणात सुरक्षित राहत होती. १९८० साली बर्कलेला हा प्रबंध सादर झाला. पुढे १९८६ मध्ये इंडोनेशियाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

आता जीएम भात. वुहानच्या हुआझोंग कृषी विद्यापीठाच्या 'हुआहुई-१' या बीटी भाताला चीनने २००९ मध्ये जैवसुरक्षा प्रमाणपत्र दिलं, पण व्यापारी लागवड झाली नाही. त्याआधी, २००५ मध्ये, 'सायन्स'मध्ये एक अभ्यास आला होता. हुबेई आणि फुजियानमधल्या चाचणीत कीडप्रतिकारक जीएम भात लावणाऱ्यांच्या फवारण्या हंगामाला सरासरी ०.५, तर साध्या भातावर ३.७. आकडा जबरदस्त आहे. पण बीटी प्रथिन खोडकिडा आणि पाने गुंडाळणारी अळी यांना मारतं. रस शोषणाऱ्या तुडतुड्यांना नाही. म्हणजे बीटी भातावर तुडतुड्यांसाठी फवारणी केली, की केनमोर यांचा प्रश्न पुन्हा समोर उभा.

उलटं उदाहरणही चीनचंच. २०१० साली 'सायन्स'मध्येच बीटी कापसाबद्दल आलं: बोंडअळीची फवारणी घटली आणि मिरिड ढेकूण वाढले, कारण जुन्या फवारणीत तेही मरायचे. भातातला मित्र आणि कापसातला शत्रू एकाच कुळातले, बरं का!

म्हणून या विषयावर प्रयोग आखताना 'बीटी विरुद्ध साधा' एवढी तुलना पुरत नाही. चार गट हवेत: बीटी फवारलेला, बीटी न फवारलेला, आणि साध्याचे तसेच दोन. साधं वाणही कुठलंही चालत नाही. हुआहुई-१ समोर त्याचं मूळ वाण मिंगहुई-६३ च हवं. आणि मोजताना खोडकिडा, तुडतुडे, कोळी वेगवेगळे मोजा. सगळ्यांची एकच बेरीज केली, तर खोडकिड्याची घट तुडतुड्यांची वाढ झाकून टाकेल, आणि शेतकऱ्याला चुकीचा सल्ला जाईल.