लष्करी अळीचं पहिलं चित्र

मक्याच्या पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली की आपण म्हणतो, "आली मेली!" ही अमेरिकन लष्करी अळी. २०१८ साली ती भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याला ती आता नवी नाही. पण शास्त्राच्या पुस्तकात तिचं नाव सव्वादोनशे वर्षांपूर्वीच चढलं, आणि तेही एका चित्रकारामुळं.

जॉन ॲबट हा लंडनचा. १७७३ साली जहाजानं अमेरिकेला गेला, पुढं जॉर्जियात राहिला. अळ्या धरायच्या, पाला घालून पाळायच्या, कोषातून पतंग निघेपर्यंत थांबायचं आणि जसं दिसलं तसंच रंगवायचं, हे त्याचं काम. त्याच्या चित्रांवरून जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी १७९७ साली लंडनला ग्रंथ काढला. त्यातच हिला फ्रुजीपर्डा हे नाव मिळालं. अर्थ साधारण असा, की पिकाची नासाडी करणारी.

ही रीत त्याच्याही आधी एका बाईनं घालून दिली होती. मारिया सिबिला मेरियान, जन्म १६४७, जर्मनीतलं फ्रँकफर्ट. तेराव्या वर्षीच रेशमाच्या अळ्या पाळू लागली. तेव्हा पुष्कळ लोकांना वाटायचं, किडे चिखलातून आपोआप होतात. हिनं अळी, कोष, पतंग आणि अळी खाते ते झाड, सगळं एकाच कागदावर मांडलं. नवऱ्यापासून वेगळी झालेली ही बाई बावन्नाव्या वर्षी, १६९९ साली, धाकट्या लेकीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली. खर्चासाठी स्वतःची चित्रं विकली. तिथं गुलामगिरीत राबणाऱ्या बायांनी तिला झाडांचे गुण सांगितले. त्यांची नावं मात्र पुस्तकात आली नाहीत, हे मला खटकतं. पुस्तक १७०५ साली ॲम्स्टरडॅमला छापलं.

आता आपल्या शेतात या. अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय उलटा, शेपटीकडं चौकोनात चार काळे ठिपके. खुरपताना आपलेच हात पोंग्याजवळ असतात, म्हणून हे आपल्यालाच आधी दिसतं. ओळख चुकली तर फवारणीचे पैसे पाण्यात. नर पतंगाच्या राखाडी पंखाच्या टोकाला पांढरा डाग असतो. मादी अंड्यांच्या पुंजक्यावर स्वतःच्या अंगाची मऊ लव पसरते, बाळावर शाल घालावी तशी. खरंच सुंदर आहे. बघा, आणि मग तो पुंजका पानासकट चुरडून टाका. एकेका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी असतात.

बैठकीच्या वहीचं मागचं पान कोरंच असतं. या वेळी त्यावर अळी काढून आणा. ठिपके मोजून काढा, चारच.