रहस्यकथेतलं पक्षीकेंद्र : फेअर आयलची वाटचाल

अ‍ॅन क्लीव्हज यांच्या 'ब्लू लायटनिंग' या कादंबरीत शरदातलं वादळ फेअर आयल या बेटाचा जगाशी असलेला संबंध तोडून टाकतं. विमान उतरू शकत नाही, टपालबोट समुद्रात जाऊ शकत नाही. इन्स्पेक्टर जिमी पेरेझ हा याच बेटाचा मुलगा. होणाऱ्या बायकोची आईवडिलांशी भेट घालून द्यायला तो घरी आला आहे. बेटावरच्या पक्षी अभ्यास केंद्रात त्या दोघांसाठी मेजवानी होते आणि त्यानंतर केंद्राची वॉर्डन अँजेला मूर मृतावस्थेत सापडते. तिला भोसकलेलं आहे आणि केसांत पक्ष्यांची पिसं खोवलेली आहेत. पेरेझच्या मदतीला ना पथक, ना प्रयोगशाळा. आणि ज्यांच्यावर संशय घ्यायचा ती माणसं त्याच केंद्रात राहताहेत, रोज एकाच टेबलावर जेवताहेत.

ही कादंबरी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी फेअर आयलवरच्या खऱ्या पक्षीकेंद्राच्या नव्या इमारतीत पहिले पाहुणे उतरले. क्लीव्हज यांनी कादंबरीतलं केंद्र उत्तरेच्या दीपगृहात हलवलं आहे; खरं केंद्र नॉर्थ हेवन या छोट्या बंदराजवळ आहे. तिथली माणसंही कल्पनेतली आहेत. पण केंद्रातला दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, हे त्यांनी जसंच्या तसं उचललं आहे. मला ही कादंबरी पेरेझच्या मालिकेतली सर्वांत सकस वाटते ती त्यामुळेच, आणि ती नीट कळायची तर या संस्थेचा प्रवास माहीत असायला हवा.

फेअर आयल स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड या दोन द्वीपसमूहांच्या मधोमध एकटंच आहे. जेमतेम पाच किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद. शेटलंडच्या दक्षिण टोकापासून ते चाळीसेक किलोमीटरवर पडतं. वस्ती मोजक्याच माणसांची: मेंढ्या पाळणारे, छोटी शेती करणारे क्रॉफ्टर आणि ज्या विणकामाने बेटाचं नाव जगभर गेलं ते स्वेटर विणणाऱ्या बायका-पुरुष. १५८८ साली स्पॅनिश आरमारातलं 'एल ग्रान ग्रिफोन' हे जहाज इथल्या खडकांवर फुटलं आणि सुमारे तीनशे खलाशी-सैनिक काही आठवडे बेटावर अडकून पडले. शेटलंडच्या डिटेक्टिव्हला पेरेझ हे आडनाव क्लीव्हज यांनी त्या जहाजावरून दिलं.

पक्ष्यांसाठी बेटाची कीर्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाली. एडिंबरोच्या संग्रहालयातले विल्यम ईगल क्लार्क १९०५ मध्ये इथे आले आणि स्थलांतराच्या काळात खराब हवामानात या खडकावर किती जातींचे पक्षी उतरतात ते पाहून चकित झाले. त्यांनी काही क्रॉफ्टरांना नोंदी ठेवायला शिकवलं. पुढे डचेस ऑफ बेडफर्ड मेरी रसेलही इथे येऊन पक्ष्यांच्या मागे हिंडल्या. संस्था मात्र अजून नव्हती. होता तो एकेकट्या माणसांचा उत्साह.

संस्थेचा विचार पक्का झाला तो जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत. एडिंबरोचे जॉर्ज वॉटरस्टन १९३५ मध्ये पहिल्यांदा फेअर आयलला आले होते. १९४१ मध्ये ते क्रीटमध्ये जर्मनांच्या हाती सापडले. छावणीतही त्यांनी पक्ष्यांची निरीक्षणं सोडली नाहीत. काटेरी तारेच्या आत बसून ते आणि त्यांचे सहकैदी इयन पिटमन फेअर आयलवर पक्षीकेंद्र कसं उभारायचं याचे आराखडे करत राहिले. मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे १९४३ मध्ये वॉटरस्टन यांना मायदेशी पाठवण्यात आलं. परतीच्या जहाजातून त्यांना स्कॉटलंडची जी पहिली जमीन दिसली ती फेअर आयलची होती. अशी गोष्ट एखाद्या कादंबरीत वाचली असती तर मी लेखकाला दोष दिला असता. पण हे घडलेलं आहे.

युद्ध संपल्यावर वॉटरस्टन यांनी बेटच विकत घेतलं. १९४८ मध्ये नॉर्थ हेवनला नौदलाने मागे सोडलेल्या लाकडी बराकींत केंद्र सुरू झालं. पहिले वॉर्डन होते केनेथ विल्यमसन. युद्धकाळ फॅरो बेटांवर घालवलेला हा माणूस उत्तर समुद्राचं हवामान आणि पक्षी एकत्र वाचायला शिकला होता. दूर पूर्वेचे पक्षी या खडकावर का येतात? पूर्वेचे वारे आणि ढगाळ आकाश त्यांना त्यांच्या वाटेवरून बाजूला वाहून नेतात, ही मांडणी त्यांनी हवामानाचे नकाशे आणि रोजच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून केली. नंतरच्या संशोधनाने तिच्यात भर घातली, दुरुस्त्याही केल्या. पण बराकीत बसून जगाच्या पक्षीशास्त्राला नवा प्रश्न देता येतो हे त्यांनी दाखवलं.

१९५४ मध्ये वॉटरस्टन यांनी बेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे सोपवलं. या निर्णयाची थोरवी पक्ष्यांपेक्षा माणसांच्या बाजूने पाहावी असं मला वाटतं. १९३० मध्ये सेंट किल्डा हे असंच दूरचं बेट रहिवाशांनी कायमचं सोडलं होतं, आणि फेअर आयलचीही लोकसंख्या घसरत होती. एका खासगी मालकाच्या ऐपतीवर बेट तगणार नाही हे वॉटरस्टन यांनी ओळखलं. ट्रस्टने घरं दुरुस्त केली, बंदराच्या सोयी सुधारल्या. केंद्रात येणाऱ्या पाहुण्यांमुळे बोटीला, दुकानाला, विणकामाला गिऱ्हाईक मिळालं. बेट आणि केंद्र यांनी एकमेकांना तगवलं आहे.

पुढचे वॉर्डन आले, गेले. त्यांतले रॉय डेनिस १९६३ ते १९७० या काळात इथे होते. ब्रिटनमधून नाहीसा झालेला पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड परत आणण्याचा एक प्रयत्न वॉटरस्टन आणि डेनिस यांनी १९६८ मध्ये इथे केला. नॉर्वेहून चार पिल्लं आणून सोडली. ती टिकली नाहीत. एकाच्या पिसांवर फुलमार पक्ष्यांनी थुंकलेलं तेल बसून त्याला उडता येईनासं झालं. पण पुढे १९७५ पासून रम बेटावर हाच प्रयोग मोठ्या संख्येने झाला आणि यशस्वी ठरला. आज स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्री गरुड दिसतो, त्या कथेचं एक सुरुवातीचं, दुःखाचं प्रकरण फेअर आयलचं आहे. बराकी जुन्या झाल्या, म्हणून १९६९ मध्ये पक्की इमारत उभी राहिली.

याच दुसऱ्या इमारतीत, १९७०च्या दशकाच्या मध्यावर, विद्यापीठाचं शिक्षण अर्धवट सोडलेली एक तरुणी स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून आली. तिला स्वयंपाक येत नव्हता आणि पक्ष्यांतलंही काही कळत नव्हतं. ती अ‍ॅन क्लीव्हज. पक्षी पाहायला आलेल्या टिम क्लीव्हज यांची आणि तिची गाठ इथेच पडली आणि पुढे लग्न झालं. १९८६ मध्ये तिचं पहिलं पुस्तक आलं, तेही पक्षीनिरीक्षकांच्या जगात घडणारी रहस्यकथा होती. नंतर वीस वर्षं ती लिहीत राहिली, पण नाव फारसं झालं नाही. मग एका हिवाळ्यात शेटलंडमध्ये बर्फावर उतरलेले काळेभोर डोमकावळे तिने पाहिले आणि त्या दृश्यातून 'रेव्हन ब्लॅक' जन्मली. २००६ मध्ये या कादंबरीला ब्रिटनच्या गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेचा सर्वोच्च डॅगर पुरस्कार मिळाला. 'व्हाइट नाइट्स', 'रेड बोन्स' यांच्यानंतर चौथी 'ब्लू लायटनिंग'. २०१३ पासून बीबीसीची 'शेटलंड' ही मालिका सुरू झाली आणि जिमी पेरेझ घराघरांत पोहोचला.

आता केंद्रातल्या दिवसाबद्दल. सकाळी न्याहारीच्या आधी सापळ्यांची फेरी निघते. हे हेलिगोलँड सापळे म्हणजे झुडपांवर उभारलेली तारेच्या जाळीची लांबलचक नरसाळी. पक्षी आत शिरतो, जाळी अरुंद होत जाते आणि शेवटी तो एका पेटीत येतो. त्याचं वजन होतं, पंख मोजले जातात, पायात क्रमांकाचं वळं घालून त्याला सोडून देतात. हे तंत्र उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड या जर्मन बेटावरचं. आपले सलीम अली बर्लिनला शिकत असताना वळी घालण्याचं काम पाहायला त्याच बेटावर गेले होते. न्याहारीनंतर बेटाचे भाग वाटून घेऊन गणना होते. रात्री सगळे एका खोलीत जमतात आणि नोंदवही उघडते. वॉर्डन एकेका जातीचं नाव पुकारतो आणि ज्याने जितके पाहिले तो तितका आकडा सांगतो. कोणी दुर्मीळ पक्षी पाहिल्याचा दावा केला तर त्याला विचारलं जातं: कुठे, किती वाजता, किती अंतरावरून, प्रकाश कुठून होता, पोटाखालचा रंग दिसला का, आणखी कोणी पाहिला? वर्णन लिहून द्यावं लागतं, आणि ते तज्ज्ञांच्या समितीपुढे जातं. नुसत्या शब्दावर नोंद होत नाही.

क्लीव्हज यांचा डिटेक्टिव्ह नेमका याच रीतीने काम करतो. पेरेझ पिस्तूल घेऊन धावत नाही, एकाएकी साक्षात्कार होऊन गुन्हेगाराकडे बोट दाखवत नाही. तो माणसासमोर शांत बसतो, ऐकतो, एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या म्हणण्याशी ताडून पाहतो. एकाकी बेटावरचे खून आपण अगाथा ख्रिस्तींपासून वाचत आलो आहोत. पण ख्रिस्तींच्या १९३९च्या त्या प्रसिद्ध कादंबरीत बेटावर जमलेली माणसं एकमेकांना अनोळखी असतात. फेअर आयलवर कोणाचे आजोबा कोणाशी भांडले हेही सगळ्यांना ठाऊक असतं. टपालबोटीचा कप्तान पेरेझचा बापच आहे. साक्ष घ्यायची ती अशा माणसांची, आणि खरं निघालं तरी पुढची तीस वर्षं त्यांच्याच शेजारी राहायचं. ही भीती 'ब्लू लायटनिंग'च्या पानापानांत आहे आणि ती बाहेरून आलेल्या लेखकाला सहज साधणारी नाही. जिने केंद्राच्या स्वयंपाकघरातून पाहुण्यांना आणि बेटकऱ्यांना पाहिलं, तिलाच ती साधली.

दुर्मीळ पक्षी आपल्याच नावावर लागावा ही पक्षीनिरीक्षकांची ओढ या कादंबरीत महत्त्वाची आहे. फेअर आयलवर आजवर ३८० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. १९७५च्या ऑक्टोबरात सायबेरियन रुबीथ्रोट हा माणकासारख्या गळ्याचा पक्षी ब्रिटनमध्ये प्रथमच दिसला तो इथे. लाल छातीचा माशीमार हिवाळ्यात महाराष्ट्रात येतो. त्याचे वाट चुकलेले भाऊबंद शरदात या खडकावर दिसतात. अशा पक्ष्यासाठी माणसं नोकरी सोडून धावत येतात, आणि क्लीव्हज यांनी त्या वेडाची चेष्टा न करता त्याच्या आतला अंधार पाहिला आहे.

खऱ्या केंद्राच्या काळजीचा विषय मात्र दुर्मीळ पक्षी नव्हता. कड्यांवर घरटी करणाऱ्या किटिवेक गल पक्ष्यांची संख्या १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून पंचवीस वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. पफिनही निम्म्यावर आले. समुद्र तापतो आहे, त्यांचं खाद्य असलेले सँडईल मासे कमी होत आहेत. हे ठामपणे सांगता आलं ते दरवर्षी त्याच कड्यांवर त्याच पद्धतीने मोजणी झाली म्हणून. त्या आकड्यांच्या बळावर बेटकरी, केंद्र आणि ट्रस्ट यांनी एकत्र येऊन भोवतालच्या समुद्राच्या संरक्षणाची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली आणि २०१६ मध्ये तो संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाला.

१० मार्च २०१९ रोजी, रविवारी, केंद्राला आग लागली. बेटावरचे स्वयंसेवक अग्निशामक धावले. शेटलंडहून मदत येईपर्यंत त्यांनी झुंज दिली. वारा होता, इमारत लाकडाची होती. ती पूर्ण जळाली. हंगाम सुरू व्हायचा होता, त्यामुळे पाहुणे नव्हते आणि जीवितहानी झाली नाही; पण तिथे राहणाऱ्या वॉर्डनच्या कुटुंबाचं घर आणि सामानसुमान गेलं. केंद्राचं ग्रंथालय गेलं. १९४८ पासूनच्या नोंदी तेवढ्या वाचल्या, कारण त्यांचं संगणकीकरण आगीच्या थोडंच आधी झालं होतं.

त्या वर्षीही गणना थांबली नाही. बेटावरच्या दुसऱ्या घरात राहून कर्मचारी सापळ्यांची फेरी करत राहिले, कडे मोजत राहिले. नव्या इमारतीसाठी विम्याचे पैसे, सरकारी मदत आणि जगभरच्या पक्षीप्रेमींच्या देणग्या जमवाव्या लागल्या. खर्चाचा अंदाज पंचाहत्तर लाख पौंडांच्या वर गेला. महासाथ आली, आणि वादळी बेटावर बांधकामाचं प्रत्येक सामान बोटीने आणायचं, त्यामुळे मुदती पुढे ढकलल्या गेल्या. मधल्या काळात बर्ड फ्लूने मोठे स्कुआ पक्षी मोठ्या संख्येने मेले. त्याचीही नोंद इथे ठेवली गेली. अखेर २०२५ मध्ये चौथ्या वास्तूत पाहुणे राहायला आले.

कादंबरी वाचू इच्छिणाऱ्यांना एक सांगणं. 'ब्लू लायटनिंग' एकटी वाचू नका. 'रेव्हन ब्लॅक', 'व्हाइट नाइट्स', 'रेड बोन्स' या क्रमाने येऊन मग फेअर आयलवर उतरा, आणि तोवर शेवट काय आहे ते कोणालाही सांगू देऊ नका. बेटावर प्रत्यक्ष जायचं असेल तर हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. पक्ष्यांची चैन शरदात. त्या दिवसांत परतीचं तिकीट काढताना दोन-चार दिवस हाताशी ठेवा, कारण वारा फिरला की आजही तिथली बोट आणि विमान दोन्ही थांबतात.