हवेविना पेटणारी आग

दिवाळीची सुट्टी संपून नाशिकच्या शाळा भरल्या, की गोदाकाठी उडवलेल्या बाणांच्या गप्पा वर्गात रंगतात. अशा वेळी एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "ज्वलनाला हवा लागते, तर अवकाशात अग्निबाण पेटतो कसा?" प्रश्न रास्त आहे. खोट आपण शिकवतो त्या वाक्यात आहे.

ज्वलन म्हणजे पदार्थाचा ऑक्सिजनशी संयोग, हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाव्हाझिए याने दाखवून दिले. १७७५ पासून फ्रान्सच्या बंदुकीच्या दारूच्या कारखान्यांचा कारभारही तो पाहत असे. ही दारू बंद नळीतही पेटते, कारण तिच्यातला सोरा ऑक्सिजन पुरवतो. म्हणजे लागतो तो ऑक्सिजन. तो हवेतूनच आला पाहिजे असे नाही. दिवाळीचा बाणही याच तत्त्वावर उडतो.

हेच तत्त्व थुंबा येथे मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर १९६७ मध्ये तेथे रुजू झाले आणि घन इंधनाच्या कामाला लागले. अशा इंधनात अमोनियम परक्लोरेट ऑक्सिजन पुरवते, ॲल्युमिनियमची पूड जळते आणि रबरासारखा बहुवारिक दोहोंना बांधून ठेवता ठेवता स्वतःही जळतो. खरी कसोटी पेटवण्याची नसून आवरण्याची असते. इंधनाला तडा गेला, तर जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब चढतो आणि यान फुटू शकते.

एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. १० ऑगस्ट १९७९ चे पहिले उड्डाण फसले. कारण घन इंधनात नव्हते. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतले नायट्रिक आम्ल, म्हणजे तिथला ऑक्सिजन पुरवणारा द्रव, गळून गेला होता. १८ जुलै १९८० रोजी मात्र सुमारे ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला. पुढे पीएसएलव्हीच्या एकट्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन घन इंधन भरले जाऊ लागले.

वर्गात दारूकाम नकोच. परीक्षानळीत थोडे पोटॅशियम परमँगनेट तापवावे आणि तोंडाशी धुमसती काडी धरावी. ती भडकेल. घन पदार्थात कोंडलेला ऑक्सिजन मुलांना दिसेल, आणि आपले वाक्यही आपण सुधारू: ज्वलनाला हवा नव्हे, ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ लागतो.