दोन इंच बर्फ आणि न दिसणारा वायू

हिवाळा सुरू झाला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मनालीला चाललोय, कोणत्या गोळ्या नेऊ?" गोळ्या लिहून देतोच, पण यंदा त्यासोबत थोडा इतिहासही सांगावासा वाटतो. कारण बर्फात अडकलेल्या गाडीत माणूस फक्त थंडीनेच दगावतो, हा आपला समज अपुरा आहे.

अटलांटा, २८ जानेवारी २०१४

अमेरिकेच्या दक्षिणेकडील हे शहर उष्ण हवेचे. त्या दिवशी तिथे जेमतेम अडीच इंच बर्फ पडला. उत्तरेकडच्या शहरांत एवढ्या बर्फाची कोणी दखलही घेत नाही. पण इथे दुपारच्या सुमारास शाळा, कचेऱ्या, दुकाने सगळी जवळपास एकाच वेळी सुटली आणि लाखो गाड्या एकदम रस्त्यावर आल्या. बर्फ हटवणाऱ्या आणि मीठ टाकणाऱ्या गाड्या आधीच मोजक्या, त्याही याच गर्दीत अडकल्या. चाकांखाली वितळलेले पाणी पुन्हा गोठून रस्त्याची काच झाली. दोन हजारांहून अधिक मुलांनी ती रात्र शाळेत किंवा स्कूलबसमध्ये काढली. एक बाळ तर हायवेवरच जन्माला आले.

त्याच दिवशी शेजारच्या अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅममध्ये डॉ. झेंको ह्रिंकिव या ६२ वर्षांच्या न्यूरोसर्जनना दुसऱ्या हॉस्पिटलमधून तातडीचा निरोप आला. मेंदूचे ऑपरेशन लगेच करायला हवे होते. गाडी थोड्याच अंतरावर अडकली. मग ते जवळपास सहा मैल, म्हणजे साडेनऊ किलोमीटर, बर्फातून चालत गेले आणि ऑपरेशन केले. रुग्ण वाचला.

मरी, जानेवारी २०२२

सगळ्यांचे नशीब असे नसते. पाकिस्तानातील मरी हे थंड हवेचे ठिकाण. तिथे बर्फ दरवर्षी पडतो, पण तो पाहायला येणारी माणसे मैदानी भागातली, बर्फाची सवय नसलेली. ७ जानेवारीच्या रात्री हजारो गाड्या रस्त्यात अडकल्या. काचा बंद, हीटर चालू, अशा स्थितीत माणसे झोपी गेली. सकाळपर्यंत किमान २२ जण दगावले होते, त्यात १० मुले होती. काही थंडीने गेले आणि काही कार्बन मोनॉक्साईडने.

हा वायू मारतो कसा?

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. कार्बन मोनॉक्साईड त्याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे बसमधल्या सगळ्या सीटा भलत्यानेच अडवल्या, तर खरा प्रवासी उभाच राहणार. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ च्या सुमारास हे उलगडले. पुढे ब्रिटनचे जॉन स्कॉट हाल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून त्याची लक्षणे नोंदवली आणि कोळशाच्या खाणीत लहान पक्षी किंवा उंदीर सोबत न्यावेत असे सुचवले. पक्षी आधी कोसळतो, माणसाला पळायला वेळ मिळतो. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत होते!

गाडीत मात्र असा पक्षी नसतो. या वायूला रंग नाही, वास नाही. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले की धूर गाडीखाली साचून आत शिरतो. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, मग गुंगी. आपल्याला वाटते, प्रवासाचा शीण आहे.

लक्षात ठेवा

• बर्फात अडकलात तर शक्यतो गाडी सोडून भटकू नका.
• इंजिन सुरू करण्याआधी प्रत्येक वेळी उतरून सायलेन्सरभोवतालचा बर्फ काढा. तो निघत नसेल तर इंजिन लावूच नका.
• हीटर तासाला दहा मिनिटे पुरे. तेव्हा एक काच थोडी खाली ठेवा. सगळे एकदम झोपू नका.
• अंगात ऊब यावी म्हणून दारू घेऊ नका. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीराची उष्णता अधिकच बाहेर जाते.
• गाडीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले तर इंजिन बंद करा, मोकळ्या हवेत या आणि हॉस्पिटल गाठा. उपचार म्हणजे भरपूर ऑक्सिजन. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेतही तो आकडा चांगलाच दाखवतो.

आणि हो, यासाठी मनालीलाच जायला हवे असे नाही. बंद बाथरूममधला गॅस गीझर किंवा दारे-खिडक्या लावून पेटवलेली शेगडी हाच वायू सोडते. बर्फ आपल्याकडे पडत नाही, पण थंडीत खिडक्या आपणही लावून घेतोच. आज घरी गेल्यावर बाथरूमची खिडकी तेवढी उघडते का, हे बघून घ्या.