मॉडेल रॉकेट

मॉडेल रॉकेट हे कागदी नळी, हलके लाकूड व प्लॅस्टिक यांपासून बनवलेले, घन इंधनाच्या लहान मोटरवर उडणारे आणि हवाई छत्रीच्या आधाराने उतरून पुन्हा वापरता येणारे रॉकेट होय. छंद व विज्ञानशिक्षण या दोन्ही हेतूंनी ते उडवले जाते.

इतिहास

अमेरिकेतील ऑरव्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये अशा रॉकेटाची रचना केली. १९५७ पासून जी. हॅरी स्टाइन यांनी तिला सुरक्षानियमांची जोड दिली. घरी इंधन मिसळताना मुले जखमी होत असल्याने कारखान्यात तयार झालेलीच मोटर वापरणे हा मुख्य नियम ठरला.

अपघात व त्यांची कारणे

फसलेल्या उड्डाणाचे कारण बहुधा अवशेषांवरून व नोंदींवरून शोधता येते.

अस्थिर उड्डाण: रॉकेटाचा गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे किमान नळीच्या व्यासाइतका असावा लागतो. तसे नसल्यास रॉकेट हवेत कोलांट्या घेते. टोकाचे वजन किंवा पंखांचा आकार वाढवणे हा त्यावरील उपाय आहे.

छत्री न उघडणे: छत्री घट्ट कोंबल्यास किंवा विलंबकाळ चुकल्यास रॉकेट वेगाने जमिनीवर आदळते. ‘बी६-४’ या मोटरक्रमांकातील ‘बी’ एकूण आवेगाचा वर्ग, ६ हा न्यूटनमधील सरासरी रेटा आणि ४ हा सेकंदांतील विलंबकाळ दर्शवतो.

मोटर न पेटणे: अशा वेळी विद्युतजोडणी तोडून ६० सेकंद कोणीही जवळ जाऊ नये.

जागेची निवड: वाऱ्याचा वेग ताशी ३२ किमीपेक्षा अधिक असल्यास उड्डाण टाळतात. सुताचे साठे व वीजवाहिन्या असलेल्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीसारख्या वसाहती त्यासाठी अयोग्य ठरतात; कोरडे गवत नसलेले मोकळे मैदान आवश्यक असते.

भारतातील स्थिती

भारतात स्फोटक द्रव्यांची निर्मिती व साठवण यांवर विस्फोटक अधिनियम, १८८४ नुसार नियंत्रण असते. संबंधित केंद्रीय संघटनेचे (पेसो) मुख्यालय नागपूर येथे आहे. शाळांसाठी बाटली, पाणी व सायकलचा पंप यांवर चालणारे जलरॉकेट हा सोपा पर्याय आहे. मात्र त्यातही दाबामुळे बाटली फुटू शकते.

अपयशाच्या चिकित्सेचे महत्त्व मोठ्या रॉकेटांनाही लागू पडते. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ सदोष झडपेमुळे बंगालच्या उपसागरात कोसळले. दोष दूर केल्यावर १८ जुलै १९८० रोजी त्याच प्रकारच्या रॉकेटाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्या वेळी विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक मराठी शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर होते.